स्वयंपाकघर आखताना कुठे चुकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी पुण्यात आणि थोडंफार कोकणात घरांच्या आतल्या कामांची आखणी करते. सगळ्यात जास्त फेरकाम स्वयंपाकघरात निघतं. बैठकीतला सोफा चुकला तर विकून टाकता येतो. ओटा दोन इंच उंच झाला तर पुढची वीस वर्षं रोज दोन वेळा खांदे दुखतात. खालचे प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतात. मापं इंच-फुटांत दिली आहेत, कारण आपले मिस्त्री, सुतार आणि ग्रॅनाइटवाले त्याच मापांत बोलतात.

सुरुवात कुठून करायची? आधी डिझाइनं बघायची की कारागीर बोलवायचा?

आधी एक वही घ्या आणि आठवडाभर घरात काय काय शिजतं ते लिहून काढा. रोज किती पोळ्या होतात, भाकरी किती वेळा, कुकर कितीचा, डबे किती जणांचे, पाणी किती वाजता येतं, भांडी कोण घासतं, एका वेळी किती माणसं आत असतात. हे कोणत्याही फोटोत दिसत नाही आणि चुका नेमक्या इथेच होतात.

एका घरात सकाळी साडेसहा ते आठ या वेळात तिघं जण एकदम स्वयंपाकघरात असायचे. सासूबाई चहा करायच्या, सून डब्याच्या पोळ्या लाटायची आणि मुलगा पाण्याच्या बाटल्या भरायचा. आलेल्या नकाशात पाण्याचा फिल्टर सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, गॅसच्या पलीकडे होता. बाटली भरायला प्रत्येकाला तापलेल्या तव्याच्या मागून जावं लागलं असतं. फिल्टर दाराजवळ घेतला. काम कागदावरच होतं, म्हणून खर्च काहीच आला नाही. टाइल बसल्यावर हेच लक्षात आलं असतं तर भिंत फोडावी लागली असती.

ओट्याची उंची किती ठेवायची? बिल्डर म्हणतो ३४ इंच ‘स्टँडर्ड’ आहे.

रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला घरात घालायच्या चपलांसकट सरळ उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरण्या-लाटण्याच्या कामाची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या बाईचा कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतो, म्हणजे तिला ३२-३३ इंचांचा ओटा बरा पडतो. साडेपाच फुटी माणसासाठी हाच हिशेब ३६ इंचांच्या आसपास जातो.

आता गॅसचा विचार करा, कारण तो बहुतेक जण करतच नाहीत. ३४ इंचांचा ओटा, त्यावर ४ इंचांची शेगडी, त्यावर ६ इंच खोल पातेलं. पातेल्याचा काठ ४४ इंचांवर गेला. पाच फुटी बाईचे खांदे असतात सुमारे ४९ इंचांवर. पिठलं घोटताना तिचा हात जवळजवळ खांद्याच्या रेषेत जातो. उपाय दोन आहेत. गॅसपुरता ओटा ४ इंच खाली घ्यायचा, किंवा ओट्यात बसणारा हॉब लावायचा. पायरी काढलेल्या ओट्यावर जड भांडं सरकवत नेता येत नाही आणि कोपऱ्यात घाण साचते, म्हणून ओटा निदान ८ फूट लांब असेल तरच मी पायरी सुचवते.

उंची नेहमी तयार फरशीपासून मोजा. जुन्या फरशीवर नवी टाइल चढली की इंचभर जमीन वर येते आणि ३३चा ओटा ३२चा होतो.

घरात दोघं स्वयंपाक करत असतील आणि उंचीत बराच फरक असेल, तर पोळ्या लाटणाऱ्याचं माप धरा. उंच माणसाला जाड पाटावर भाजी चिरता येते. ठेंगण्या माणसाला जमीन उचलून देता येत नाही. माझ्या आईचा ओटा ३६ इंचांचा होता. ती लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची आणि आम्हां भावंडांना त्यात वावगं काही वाटायचं नाही. साठीत तिचा उजवा खांदा धरला, तेव्हा मी पहिल्यांदा टेप घेऊन तो ओटा मोजला.

आमच्याकडे रोज भाकरी असते. त्यासाठी वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि हा प्रश्न आपणहून विचारणारी माणसं फार थोडी भेटतात. चुलीपुढे बसून भाकरी थापताना अंगाचा भार तळहातात उतरायचा. उभ्याने थापताना ओट्यावर परात आली की हात आणखी दोन-तीन इंच वर जातो आणि सगळं काम मनगटावर येतं. पीठ मळायलाही हीच अडचण. त्यासाठी २८ ते ३० इंचांची जागा लागते. ओट्याखालून बाहेर ओढायची मजबूत फळी करता येते, मात्र तिला पुढून टेकू हवा. नुसत्या चॅनेलवर, म्हणजे सरकपट्टीवर, थापण्याचा भार दिला की ती वर्षभरात लोंबकळते. जागा असेल तर त्या उंचीचं साधं टेबल उत्तम.

विळीवर किंवा परात घेऊन खाली बसायची सवय असेल, तर जमिनीवर ४ बाय ३ फुटांची मोकळी जागा नकाशातच राखून ठेवा.

‘वर्किंग ट्रँगल’ म्हणजे काय? तो पाळायलाच हवा का?

फ्रिज, सिंक आणि गॅस या तीन ठिकाणांना जोडणारा त्रिकोण. १९४०च्या दशकात अमेरिकेत हा नियम रुजला. तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांत असावी, असं त्यात धरलेलं आहे. त्याच्याही आधी, १९२६ साली, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फुटांचं स्वयंपाकघर आखलं होतं, आणि तेही पावलं व वेळ मोजून. आपल्या वन बीएचकेतलं स्वयंपाकघर साधारण याच मापाचं असतं, त्यामुळे ते काम मला फार जवळचं वाटतं.

त्रिकोण ढोबळमानाने पाळा, पण आपल्याकडे चौथा कोन पोळ्यांचा आहे. तव्याच्या उजव्या किंवा डाव्या हाताला, तुमचा जो हात चालतो त्या बाजूला, पोळपाटासाठी सलग दोन-अडीच फूट जागा लागते. गॅस भिंतीला खेटून कोपऱ्यात ठेवला की ही जागा जाते. कढईचा दांडाही भिंतीवर आपटत राहतो. गॅस आणि सिंक यांच्यात निदान दोन फूट सोडा, नाहीतर तापल्या तेलात पाण्याचे शिंतोडे उडतात. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये चार फूट हवेत.

ओट्याला ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की संगमरवर?

रोजच्या मराठी स्वयंपाकाला ग्रॅनाइट, आणि तोही गडद. संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, कोकम, दही यांतल्या आंबटाने त्यांचा वरचा थर खाल्ला जातो आणि पांढुरके व्रण उमटतात. क्वार्ट्झमध्ये रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य, असतं, त्यामुळे गॅसवरून उतरवलेली कढई थेट त्यावर टेकवली की कायमचा डाग पडू शकतो. पांढऱ्या क्वार्ट्झवर ओली हळद तासभर राहिली की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

ओट्याच्या पुढच्या कडेला पाणी अडवणारी पट्टी लावून घ्या. पण एक दीड-दोन फुटांचा तुकडा पट्टीशिवाय, कड इंच-दीड इंच बाहेर काढून ठेवा. आवळून बसवायची नारळाची खवणी किंवा शेवयांचं यंत्र लावायला ती कड लागते. पट्टी सलग असली की ही अवजारं कुठेच बसत नाहीत, आणि ते नेमकं सणाच्या आदल्या दिवशी कळतं.

ट्रॉल्या आणि कपाटं कशाची करावीत? सगळे वेगवेगळं सांगतात.

सिंकखाली एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड अजिबात नको. दोन पावसाळ्यांत ते फुगतं. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लायवुड घ्या, नाहीतर पीव्हीसी बोर्ड. बाकी ठिकाणी बजेट बघून कमी-जास्त करता येतं. शटरच्या चकाकीवर पैसे घालवण्यापेक्षा बिजागऱ्या आणि चॅनेल चांगले घ्या. रोज उघडझाप त्यांचीच होते.

स्टीलच्या जाळ्या ३०४ ग्रेडच्या मागा. दुकानात चुंबक लावून दाखवतात आणि चिकटला नाही म्हणजे ३०४, असं सांगतात. हा समज चुकीचा आहे. गंज लवकर धरणाऱ्या २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या.

ओट्याखाली दारं लावून आत फळ्या टाकण्यापेक्षा बाहेर ओढता येणारे कप्पे करा. गुडघे टेकून, डोकं आत घालून मागचा डबा शोधणं पन्नाशीनंतर जमत नाही. आणि कप्प्यांची मापं ठरवण्याआधी घरातली सगळ्यात मोठी परात, मोठा कुकर, पिठाचा डबा आणि पुरणयंत्र यांची मापं टेपने घ्या. १८ इंचांची परात १७ इंचांच्या कप्प्यात जात नाही. मग ती ओट्यावर भिंतीला टेकवून उभी राहते आणि तिथेच कायमची राहते.

वरची कपाटं छतापर्यंत न्यावीत का?

न्यायला हरकत नाही, पण पाच फुटी बाईचा हात जेमतेम सहा फुटांपर्यंत पोचतो. त्यावरची जागा दिवाळीच्या सोऱ्यासाठी, गौरी-गणपतीच्या मोठ्या पातेल्यांसाठी. रोजचं तिखट-मीठ तिथे जाता कामा नये. ओटा आणि वरचं कपाट यांत १८ ते २४ इंच सोडा, आणि कपाटाची खोली १२ इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर चिरताना कपाळ आपटतं. वर्षाचे गहू-तांदूळ भरत असाल तर कोठीची जागा आधी ठरवा. ती जमिनीवर, कोरड्या भिंतीला हवी. माळ्यावर चढवलेली कोठी उतरवणार कोण?

विजेचे पॉइंट किती काढावेत?

तुम्ही मोजाल त्यापेक्षा तीन जास्त. मिक्सर, फ्रिज, फिल्टर, चिमणी, मायक्रोवेव्ह किंवा ओव्हन, इंडक्शन आणि पुढेमागे डिशवॉशर. इंडक्शन साधारण २००० वॅटचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर खेचतं. ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचं नाही. इंडक्शन, ओव्हन आणि डिशवॉशर या प्रत्येकाला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि ४ स्क्वेअर मिलिमीटरची तार घाला, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ओल्या हातांनी बटणं दाबली जातात ती याच खोलीत.

ओट्यावरची सॉकेट ओट्यापासून ८-१० इंच वर घ्या, सिंकच्या वर किंवा शेगडीच्या मागे नकोत. फ्रिजमागे सॉकेट असलं तरी त्याचं बटण हाताला येईल अशा जागी काढा.

आणि दिवा. छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्याकडे तोंड केल्यावर स्वतःचीच सावली भाजीवर पडते. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. तिची वायर टाइल बसायच्या आधी निघायला हवी.

सिंक केवढं घ्यावं? कुठे घ्यावं?

२४ बाय १८ इंचांचं, ९-१० इंच खोल. दोन छोट्या कप्प्यांच्या सिंकमध्ये परात आडवी बसत नाही. खिडकीखाली सिंक छान दिसतं आणि उजेडही येतो, फक्त खिडकी आत उघडणारी असेल तर उंच मानेचा नळ तिला अडतो. हे दोन्ही खरेदी करण्याआधी तपासा. सांडपाण्याच्या नळीला दर फुटाला पाव इंच उतार हवा. सिंक मूळ जागेपासून लांब हलवलं की हा उतार मिळेनासा होतो आणि तुंबणं सुरू होतं.

पाणी ठरावीक वेळेला येत असेल तर साठवणीचं पिंप, माठ आणि फिल्टर एकाच भिंतीला घ्या. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी कुठे जाणार तेही ठरवा. ते एका नळीने बादलीत घेतलं तर फरशी पुसायला कामी येतं. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे सिंकजवळच हवेत.

गॅस सिलिंडर ओट्याखाली ठेवला तर चालतो का?

चालतो, पण कोंडून नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. सिलिंडरच्या कपाटाला अगदी खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीत. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून तिथे वरचा झरोका महत्त्वाचा. आज सिलिंडर असेल आणि उद्या पाइपलाइन येणार असेल, तर दोन्ही ठेवा.

सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर. रेग्युलेटरसकट आत-बाहेर करायला २८ ते ३० इंच उंची लागते, आणि खाली उंबरठा नको, कारण भरलेला १४.२ किलो गॅसचा सिलिंडर उचलून आत घालणं कोणालाच सोपं नाही. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ती शटरच्या मागे अशी दडपू नका की तडा गेलेला दिसणारच नाही. गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक शटरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

गॅस खिडकीच्या अगदी समोर घेऊ नका. वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो.

चिमणी घ्यावी की एक्झॉस्ट पंखा पुरे?

शक्य असेल तर दोन्ही. चिमणी शेगडीपासून २४ ते ३० इंच वर. तिची नळी जितकी सरळ आणि आखूड, तितकी ओढ चांगली. चार वळणं घेऊन ड्राय बाल्कनीत सोडलेली नळी फोडणीचा धूर ओढत नाही, नुसता आवाज करते. नळी बाहेर काढायचं भोक कुठे पडणार आणि तिथे तुळई तर नाही ना, हे चिमणी विकत घेण्याआधी पाहा. तुळईला किंवा खांबाला भोक पाडायचं नाही, मग चिमणी कितीही चांगली असो.

ओपन किचन करावं का?

घरात मिरचीचा ठेचा, सुकट किंवा रोजची लसणाची फोडणी असेल तर मी नको म्हणते. फार हौस असेल तर मध्ये काचेचं सरकतं दार घ्या. भिंत पाडण्याआधी ती साधी विटांची आहे की इमारतीचा भार पेलणारी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या आणि सोसायटीला कळवा. ओली जागा खालच्यांच्या बेडरूमवर सरकवू नका. ती गळती कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी पुढेमागे भांडणाचं कारण होते.

वास्तुशास्त्राचं काय?

आग्नेय दिशा, पूर्वेकडे तोंड, या गोष्टी तुमच्या घरात महत्त्वाच्या असतील तर पहिल्याच दिवशी सांगा. नकाशावर बहुतेक वेळा जमवता येतं. पाइप टाकून झाल्यावर काकांनी येऊन ‘गॅस इकडे हवा’ म्हटलं की सगळंच बिघडतं. दिशेसाठी खिडकी बुजवू नका, एवढीच माझी विनंती असते. देवघर स्वयंपाकघरात असेल तर ते सिंकपासून आणि तेलाच्या धुरापासून लांब, आणि समईच्या वर कपाट नको.

भांडी घासायला मावशी येतात. ड्राय बाल्कनीत नळ आहे, तो पुरे ना?

तिथे उभ्याने घासता येईल असं सिंक लावा. दिवसाला चार-पाच घरांत उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईच्या गुडघ्यांचा विचार नकाशात कुठेच नसतो. खर्च एका सिंकचा आणि त्याला आधार देणाऱ्या दोन ब्रॅकेटचा आहे.

आमचं घर कोकणात, समुद्राजवळ आहे. वेगळं काय करावं?

खाऱ्या हवेत साध्या बिजागऱ्या फार लवकर धरतात, तेव्हा सगळं धातूकाम ३०४चं. बंद कपाटांना हवेसाठी फटी किंवा जाळीची शटर, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशीचा वास कोंडतो. मासे साफ करायला मागीलदारी वेगळा नळ आणि दगडी कट्टा ठेवा.

आम्ही अमेरिकेत राहतो. तिथे काय बघायचं?

तिथला ओटा सहसा ३६ इंचांचा असतो, म्हणजे आपल्या बऱ्याच जणींना उंच. पोळ्यांसाठी खालची जागा करून घ्या. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की नुसता गाळून पुन्हा घरातच सोडतो, हे घर घेताना विचारा. दुसऱ्या प्रकारात एका फोडणीत धुराचा अलार्म वाजू शकतो.

कामाचा क्रम काय असावा?

नकाशा, मग पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी, मग फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल, आणि सगळ्यात शेवटी ट्रॉल्या. हॉब आणि सिंक आधी विकत घेऊन घरात आणून ठेवा. ग्रॅनाइटचं भोक त्यांच्या मापाने कापायचं असतं, माहितीपत्रकावरच्या आकड्याने नाही. ट्रॉल्यांचं माप ओटा बसल्यावरच घ्या. फ्रिजही मोजा, दार उघडल्यावर आतला भाजीचा कप्पा बाहेर येतो का ते बघा. लाइनी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना कामी येतात.

काम झालंय, चुका आता लक्षात येताहेत. पुन्हा तोडफोड परवडणार नाही. काय करता येईल?

बरंच काही. ओटा उंच झाला असेल तर उभं राहायच्या जागी तीन इंच उंचीचा, ओट्याच्या लांबीचा लाकडी चौथरा करून घ्या. तो खोलीभर रुंद आणि न घसरणारा हवा, छोट्या पाटावरून पाय चुकतो. ओटा बुटका असेल तर जाड पाट वापरून चिरा. अंधार पडत असेल तर सॉकेटला लागणारी एलईडी पट्टी कपाटाखाली चिकटवता येते. खोल कपाटांत ओढून काढायच्या जाळ्या नंतरही बसतात, सुताराचं एका दिवसाचं काम आहे. सिलिंडरच्या शटरला खाली भोकं पाडायला अर्धा तास लागतो, ते याच आठवड्यात करून घ्या.